निकाल राखून : एका कथेच्या कामाच्या नोंदी

१५ फेब्रुवारी

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. एक कथा पूर्ण करायची आणि दिवाळी अंकाला पाठवायची. बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात, म्हणून मुदत ऑगस्टची. पण खरं काम कथेच्या मागचं आहे: कथा लिहिणाऱ्या माणसाचं डोकं दिवसभर कसं चालतं, ते शिकायचं आणि त्याची सवय लावायची. कपाटात जुन्या कथा आहेत. त्या सुचल्या तशा लिहिल्या आणि सुचायचं थांबलं तिथे थांबल्या.

नोकरी पंचवटीतल्या एका पतसंस्थेत, कर्ज विभागात. वेळ मिळतो तो पहाटे, सव्वापाचपासून नळाला पाणी येईपर्यंत. आमच्याकडे पाणी साडेसहाच्या सुमारास येतं आणि एकदा आलं की साहित्य संपतं. शब्दांचं लक्ष्य ठेवलेलं नाही. रोज पाचशे शब्द वगैरे ठरवलं की मी पाचशे शब्द भरते, लिहीत नाही. नियम एवढाच की त्या वेळात खुर्चीवरून उठायचं नाही आणि फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. काही सुचलं नाही तर नुसतं बसायचं. कंटाळा आला तरी चालेल. कंटाळलेलं डोकं थोड्या वेळाने स्वतःच काहीतरी शोधायला लागतं, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक अट, ही मोडायची नाही: काउंटरवर कर्जदारांकडून जे ऐकते, त्यांच्या अर्जात जे वाचते, ते कथेत येणार नाही. नाव बदलूनही नाही. माणसं तिथे नाइलाजाने सांगतात.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. संध्याकाळी गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकाकडून आले. त्यांची जयंती म्हणून हा दिवस ठरला आणि नाशिक त्यांचंच गाव, त्यामुळे इथे या दिवशी उत्साहाला तोटा नसतो. गर्दी, रांगोळ्या, भाषेवरचं प्रेम. मला मात्र दर वर्षी एकच वाटतं. या दिवशी भाषेचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. आज सकाळी काय लिहिलं आणि ते का जमलं नाही, यावर बोलणारा कुणी भेटत नाही. भेटला असता तर चहा मी पाजला असता.

५ मार्च

बुधवारचा बाजार. गोदाघाटावर पथाऱ्या लागतात, मी ऑफिसातून सुटून भाजी घेऊनच घरी जाते. निरीक्षणाची सवय लावायची म्हणून पर्समध्ये पाठकोरे कागद ठेवायला सुरुवात केली आहे. ऑफिसातल्या रद्द छापील फॉर्मचे चार तुकडे करून स्टेपल मारला की छान वही होते.

पहिले काही दिवस मी वर्णनं लिहीत होते. नदीवरचं ऊन, कांद्याची रास, घंटांचा आवाज. पुन्हा वाचलं तर त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी घाटावर न जाता लिहिता आली नसती. मग ठरवलं की दृश्य लिहायचं नाही. फक्त न जुळणारी गोष्ट लिहायची. माणूस जे करतोय ते त्याच्या कपड्यांशी, वयाशी, बोलण्याशी जुळत नसेल, तेवढंच.

आज एक सापडली. सत्तरीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. कोथिंबिरीचा भाव विचारला, घासाघीस केली, बाई शेवटी त्यांच्या भावाला तयार झाली, तर जुडी परत ठेवून पुढे गेले. पुढच्या पथारीवर वांग्यांचं तेच. तिसऱ्या ठिकाणी मिरच्या. पिशवी शेवटपर्यंत रिकामी.

माझ्या मनात क्षणात आलं: रिकामटेकडा, चिक्कू म्हातारा. आणि तिथेच गंमत आहे. हा निकाल लागला की कथा संपली. पुढे विचार करायला काही उरतच नाही.

म्हणून घरी येऊन कागदाच्या मागे दुसरी कारणं लिहिली. पैसे नाहीत आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. बायकोने बाजार करायचं काढून घेतलंय, पण भाव तर माहीत हवेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि नुसतं चालायची लाज वाटते. भाजीवालीशी बोलायचंय, पण ओळख काढण्याचा दुसरा मार्ग माहीत नाही. कारणं खरी आहेत का, याला महत्त्व नाही. पहिलं कारण नेहमी माझ्याबद्दल असतं. तिसऱ्या-चौथ्यापासून समोरचा माणूस दिसायला लागतो.

१२ मार्च

वाचनाबद्दल. सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड पुन्हा सुरू केलं. ही संस्था १८४० सालची आहे, म्हणजे नाशिकला रेल्वे येण्याआधी वाचनालय आलं; या गावाबद्दल मला हे फार आवडतं. कथासंग्रह आणते. कथा एकदा वाचक म्हणून वाचायची, रात्री, आडवं पडून. दुसऱ्यांदा पहाटे, टेबलावर, झेरॉक्सवर पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात एकच शोधायचं: लेखकाने मला हे केव्हा सांगितलं? नायिकेचा नवरा वारलाय हे कितव्या परिच्छेदात कळलं, कुणाच्या तोंडून, आणि तोवर मी काय समजत होते. चांगल्या कथेत माहिती उशिराच येते, पण ती आल्यावर मागचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

आवडलेल्या कथेचं एखादं पान हाताने उतरवूनही काढते. डोळे जिथून घसरून जातात तिथे हात अडकतो. वाक्य कुठे तोडलंय, 'आणि' कुठे टाळलाय, हे उतरवतानाच कळलं.

न आवडणारे लेखकही वाचायचे ठरवलंय. हे अजून जड जातंय.

१९ मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशवेकालीन दगडी हौद, वर्षभर बुजवलेले, या एका दिवशी रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. लिखाण नाही, हात कोपरापर्यंत रंगलेला. दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायचं नाही, हा नियम आजच केला. कर्जाचा हप्ता चुकला की दंड लागतो, तसं इथे करायचं नाही. दंड बसायला लागला की माणूस खातं बंद करतो, हे मी रोज पाहते.

३१ मार्च

मार्च एंड. वही उघडली नाही.

४ एप्रिल

बाजारातले गृहस्थ डोक्यातून जात नाहीत, म्हणजे कथा त्यांचीच. खऱ्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. माझ्या माणसाचं नाव भास्करराव. कुठून निवृत्त झाले? प्रेसमधून, हे आपोआप आलं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ज्याच्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी कामाला नव्हतं असं नाशिककर कुटुंब शोधावं लागेल. तिकिटं आणि स्टॅम्प पेपर छापणारं इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचं, नोटांचं प्रेस १९२८ पासूनचं. आयुष्यभर करोडो रुपये हाताखालून गेलेला माणूस बाजारात पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. ऐकायला चांगलं वाटतं. जरा जास्तच चांगलं वाटतं, म्हणून सावध आहे.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी:

"भास्करराव अत्यंत चिक्कू स्वभावाचे गृहस्थ होते. आयुष्यभर नोटांच्या कारखान्यात काम करूनही त्यांचा पैशावरचा जीव सुटला नव्हता."

हे वाचून मला आमचा कर्ज मंजुरीचा शेरा आठवला. मी दिवसभर हेच तर करते. माणूस समोर बसतो, मी पगाराची स्लिप पाहते, सातबारा पाहते, सिबिल स्कोअर पाहते, जामीनदार कोण ते पाहते आणि पंधरा-वीस मिनिटांत मत बनवते. नोकरीत ते बरोबरच आहे. संस्थेचा पैसा ठेवीदारांचा असतो, तिथे मला संशय घ्यायचा पगार मिळतो. पण हेच डोकं घेऊन मी पहाटे टेबलावर बसते, आणि पहिल्याच ओळीत भास्कररावांचा अर्ज निकाली काढून मोकळी होते. वाचकाने मग पुढे वाचायचं कशाला? त्याला निकाल कळला आहे.

'लेखकाची मानसिकता' या विषयावर बरंच ऐकलंय. आत्मविश्वास ठेवा, नकार पचवा, रोज लिहा. सगळं बरोबर असेल. पण माझ्यापुरती अडचण याहून साधी आणि जास्त अवघड आहे: माणसाबद्दल मत बनवायला मी जो वेळ घेते, तो वाढवायचा. मत बनवायचं नाही असं नाही. ते कथेच्या शेवटापर्यंत लांबवायचं, आणि जमलं तर वाचकाकडे सोपवायचं.

'स्वभाव' हा शब्द खर्ड्यात बंद. चिक्कू, प्रेमळ, तापट, मनमिळाऊ, सगळे बंद. माणूस काय करतो तेवढंच लिहायचं.

१३ एप्रिल

आमच्या सोसायटीत एक काका प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे गेले. आधीच सांगितलं, काका, गोष्ट लिहितेय, तुमचं नाव किंवा तुमची हकिगत त्यात येणार नाही, फक्त तिथलं वातावरण हवंय.

मी विचारलं, "एवढ्या नोटा पाहून काय वाटायचं?"

"काय वाटणार? काही नाही," काका म्हणाले. संपलं. मग काकूंनी चिवडा आणला.

'काय वाटायचं' हा प्रश्नच टाकाऊ आहे. त्याला माणसं एकतर काही नाही म्हणतात, नाहीतर वर्तमानपत्रातलं वाक्य सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं ते वेगळं: डबा कुठे खायचात, पाळी बदलली की झोपेचं काय व्हायचं, गेटवर झडतीच्या वेळी हात कुठे धरायचात. यावर काका तासभर बोलले. मध्येच म्हणाले, "अगं, डोळ्याला खोडच लागते. घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी छपाई बघतो, शाई कुठे फाकलीय का, अक्षर कुठे सरकलंय का. कुणाचं लग्न आहे ते मागून. हिला विचार."

काकू म्हणाल्या, "आणि पत्रिका परत हातात देताना म्हणतात, 'पास.'"

खाली उतरताना जिन्यातच पाठकोऱ्यावर लिहून घेतलं. काका नको होते, ती डोळ्याची खोड हवी होती. त्यांना तसं विचारलं, ते हसून म्हणाले, "घे की, प्रेसमधल्या सगळ्यांनाच ती असते."

१६ एप्रिल

भास्करराव घासाघीस करत नाहीत. तपासतात.

नवीन सुरुवात:

"'दहाला दोन देते, घ्या बाबा,' ती म्हणाली. भास्कररावांनी दोन्ही जुड्या हातात घेतल्या. देठांकडून पाहिल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, आणि होत्या तशा, देठ पुढे करून, परत ठेवल्या. 'चांगल्या आहेत,' ते म्हणाले, आणि पुढच्या पथारीकडे वळले."

यात मी काहीच सांगितलेलं नाही. वाचकाला अजूनही ते चिक्कू वाटू शकतात, विक्षिप्त वाटू शकतात. वाटू देत.

२९ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. ऑफिसच्या कामासाठी निमाणीहून नाशिकरोडला सिटीलिंकने गेले. संवादाचा सराव बसमध्ये उत्तम होतो. कान द्यायचा, फोनवर रेकॉर्ड करायचं नाही. ते लोकांशी बरं नाही, आणि त्याने कान आळशी होतो. उतरल्यावर आठवेल तेवढं लिहायचं. जे आठवतं तेच बहुधा कामाचं असतं.

आज पुढच्या सीटवर दोन बायका. गॅसचा सिलेंडर उशिरा आला यावर द्वारका चौकापर्यंत बोलत होत्या. सगळा विषय सिलेंडरचा आणि सगळा राग सुनेवर. सुनेचं नाव एकदाही निघालं नाही. त्यांनी एकमेकींच्या प्रश्नांची उत्तरंही दिली नाहीत. एकीने विचारलं, "मग नंबर लावला कुणी?" तर दुसरी म्हणाली, "मी तर आता काही बोलतच नाही बाई." लिहिताना मी मात्र प्रश्नाला सरळ उत्तर लिहिते, जणू पात्रं साक्षीला उभी आहेत. माझ्या खर्ड्यातले असे प्रश्नोत्तरांचे तुकडे काढले, तर संवाद निम्म्यावर आले आणि दुप्पट खरे वाटायला लागले.

जाता जाता: 'उद्गारली', 'उत्तरला', 'वदली' यांना रजा. 'म्हणाली' पुरेसं आहे, ते वाचकाला दिसतसुद्धा नाही.

मे

लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या. पहाटेची खुर्ची अधूनमधून. कथा मध्यापर्यंत आली आणि अडली. भास्करराव बाजारातून फिरतात, तपासतात, परत ठेवतात, घरी येतात. पुढे काय? त्यांना आजारी पाडायचा मोह झाला. कथा अडली की पात्राला दवाखान्यात नेणं ही सोपी वाट आहे. आपल्याकडच्या कितीतरी कथा तिथेच भरती असतात. नेलं नाही.

८ जून

कथा कुणाला वाचून दाखवायची? लिहिणाऱ्या मैत्रिणींना दाखवली की त्या सुधारणा सांगतात. सुधारणा चांगल्या असतात, पण त्या त्यांच्या कथेच्या असतात. मला फक्त कळायला हवं की ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे उडालं.

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. म्हटलं, वाचू का? "वाच की." मी वाचत होते आणि नजर त्यांच्या हातांवर. सुरुवातीला हात चालूच. बाजाराच्या वर्णनाला चालूच. लग्नपत्रिकेच्या जागी, म्हणजे काकांकडून मागून घेतलेल्या खोडीच्या जागी, हात थांबले. प्रेसच्या इतिहासाचा परिच्छेद आला तसे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा वेगात. तो परिच्छेद संध्याकाळीच काढला. १९२५ आणि १९२८ दोन्ही गेले. मला ते माहीत असणं गरजेचं होतं, वाचकाला नाही.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलंय. पण त्याची बायको कुठंय गं? त्या घरात भाजी येते कुठून?"

मी वही मिटली. एवढे दिवस मी भास्कररावांच्या रिकाम्या पिशवीकडे पाहत होते. दोन माणसांचं घर, रोज जेवण होतंय, आणि भाजी कोण आणतं हे मला सुचलं नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर ती आणली, त्यांना पहिल्याच ऐकण्यात सुचलं.

११ जून

बायको मागून येते. पंधरा-वीस मिनिटांनी, वेगळी पिशवी घेऊन, आणि भास्करराव जिथे 'चांगल्या आहेत' म्हणाले नेमक्या त्याच पथारीवरून घेते. ते कुणाला काही सांगत नाहीत, ती कुणाला काही विचारत नाही. जुडी देठ पुढे करून ठेवलेली असते, ती तिला खूण असते. भाजीवालीला हे माहीत आहे की नाही?

आज साडेसहाला पाणी आलं, भरायला नवरा उठला. मला आवाजसुद्धा आला नाही.

३ जुलै

पाऊस लागलाय. कथेत पूर हवाय, कारण पुराच्या दिवसांत घाटावर बाजार भरत नाही आणि या दोघांची रीत मोडते. पूर कसा लिहायचा यावर दोन दिवस गेले. बातमीत गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये असतं. नाशिकचा माणूस क्युसेक विचारत नाही. तो विचारतो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. आमचा पूर नदीपात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतात.

यावरून एक सराव सापडला. प्रत्येक पात्र जग कशाने मोजतं, ते आधी ठरवायचं. भास्करराव उजेडाने मोजतात: किती वाजले हे ते खिडकीतून अक्षर वाचता येतंय का यावरून सांगतात. त्यांची बायको अंतर मोजते ते पिशवीच्या वजनाने. 'बटाटे घेतले तर पुलापर्यंत, नाही घेतले तर घरापर्यंत.' भाजीवाली दिवस मोजते तो माल किती उरला यावर. हे ठरलं की वर्णनं कुणाच्या डोळ्यांनी लिहायची हा प्रश्न आपोआप सुटतो, आणि मी, म्हणजे कर्ज विभागातली बाई, वाक्यांतून बाहेर पडते.

१२ जुलै

ओळखीतल्या एकीला कथास्पर्धेत बक्षीस मिळालं. फोन करून अभिनंदन केलं. मग तिची कथा मागवून घेतली आणि कुठे कमी पडलीय ते शोधत वाचली. सापडलंही. मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचली, माहिती केव्हा दिली आहे ते खुणा करत. तिने नवऱ्याचं गाव सोडून जाणं एका चपलेवरून कळवलं आहे. उत्तम आहे. मत्सर जात नाही, पण त्याला पेन्सिल दिली की तो कामाला लागतो.

२६ जुलै

काटछाट. संपादकांनी तीन हजार शब्दांची मर्यादा दिली आहे, कथा बरीच वर होती. पहिलं पान गेलं. बहुतेक कथांचं पहिलं पान हे लेखिका घसा साफ करत असल्याचं असतं. मोठ्याने वाचत गेले. जिथे श्वास पुरला नाही तिथे वाक्य तोडलं, जिथे माझा आवाज आपोआप हळवा झाला तिथे वाक्य काढलं. शेवटचा परिच्छेदही गेला. त्यात मी निवृत्त माणसाचं एकटेपण आणि नवरा-बायकोतलं अबोल प्रेम समजावून सांगितलं होतं. आता कथा भाजीवालीवर संपते: पूर ओसरल्यावर ती दुसऱ्या जागी पथारी लावते, आणि कोथिंबिरीच्या जुड्या देठ पुढे करून मांडते.

सासूबाईंना पुन्हा वाचून दाखवली. या वेळी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तिला माहीत होतं तर." मी म्हटलं, "कुणास ठाऊक." यावर त्या जरा चिडल्या.

१० ऑगस्ट

कथा पाठवली. युनिकोडमध्ये टाइप केलेली, ई-मेलने, सोबत चार ओळींचं पत्र. पत्रात कथेबद्दल काही लिहिलं नाही. उत्तर येईल किंवा येणार नाही. पुष्कळदा अंक बाजारात आल्यावरच कळतं.

पुढचं काम: आमच्याकडे पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करणारा एक मुलगा आहे. रविवार कारंजा ते मेन रोड, रोज तीच दुकानं, रोज पन्नास-शंभर रुपये. त्याच्याबद्दल माझं मत तो नोकरीला लागला त्याच दिवशी झालेलं आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. कोण किती भरतं, ते मी विचारणार नाही. त्याची चाल, तो कुठल्या दुकानात बसतो आणि कुठे उभ्यानेच पावती फाडतो, एवढंच बघायचंय. बुधवारी सुट्टी टाकून त्याच्याबरोबर फिरणार आहे. तो तयार आहे. फक्त म्हणाला, "ताई, दुकानात काय सांगू, तुम्ही कोण म्हणून?"